वाचकांचे प्रश्न : गिऱ्हाईक बोलतं तसंच टाइप करतं

या वेळी ॲफिलिएट मार्केटिंगवर, म्हणजे आपल्या साइटवर ॲमेझॉनसारख्या दुकानाची लिंक द्यायची आणि तिथून कुणी घेतलं की कमिशन घ्यायचं यावर, एवढे प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकलले. त्यातले बरेच एकाच गोष्टीभोवती फिरतायत, लाँग टेल कीवर्ड (कीवर्ड म्हणजे लोक गुगलवर जे टाइप करून शोधतात ते) म्हणजे नेमकं काय आणि त्यानं खरंच पैसे येतात का. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : सर, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, डिप्लोमा झालाय. आठ महिन्यांपूर्वी किचनच्या वस्तूंची साइट काढली, ‘बेस्ट मिक्सर’, ‘बेस्ट गॅस शेगडी’ असे बावीस लेख टाकले. आजवरची कमाई २१४ रुपये, त्यातली पण एक ऑर्डर मावशीची. क्लासवाले म्हणतात लाँग टेल वापर. म्हणजे लांबलचक कीवर्ड का?

उत्तर : आधी मावशीची ऑर्डर बाजूला काढ. आपल्याच लिंकवरून स्वतःसाठी नाहीतर घरच्यांसाठी घेतलेलं ॲमेझॉनच्या नियमात बसत नाही, उगाच खातं बंद व्हायचं.

आता लाँग टेल, म्हणजे लांब शेपटी. शब्द किती लांब आहे यावरून हे नाव पडलेलं नाही. कुठले शब्द किती लोक शोधतात याचा आलेख काढला तर डावीकडं ‘मिक्सर’, ‘मोबाईल’ असल्या मोजक्या शब्दांचा उंच डोंगर दिसतो आणि उजवीकडं महिन्यात पाच-दहा जणच शोधतात अशा लाखो गोष्टींची सपाट शेपटी पसरत जाते. वायर्ड मासिकात २००४ साली क्रिस अँडरसननं हा शब्द वापरला तेव्हा विषय पुस्तकं आणि गाण्यांच्या विक्रीचा होता, कमी खपणाऱ्या हजारो वस्तूंची बेरीज मोठी होते असं त्याचं म्हणणं. सर्चचं पण तसंच आहे. गुगल स्वतः सांगतं की रोजच्या सर्चपैकी साधारण १५ टक्के आधी कधीच कुणी केलेले नसतात. शेपटीतले शब्द बहुतेक वेळा लांब असतात हे खरंय, पण लांब केलं की झालं असं नाही.

माझा एक मित्र चप्पल लाइनीत, म्हणजे इथल्या चपलांच्या दुकानांच्या ओळीत, बसतो. मी कधी कधी नुसता गल्ल्याशेजारी स्टूल टाकून ऐकत बसतो. तासाभरात एक पण गिऱ्हाईक ‘बेस्ट कोल्हापुरी चप्पल दाखवा’ असं म्हणत नाही. म्हणतात काय, तर ‘पावसात घातलं तर चालतंय काय’, ‘पोराचं लग्न हाय, करकर वाजणारं पायताण पायजे, नऊ नंबर’, ‘अंगठा कापत नाही असलं दाखवा की, गेल्या वेळचं लई लागलं’. आता हीच माणसं रात्री घरी मोबाईल घेऊन बसली की हेच टाइप करतात, नाहीतर माइक दाबून बोलतात. तुझा कीवर्ड तिथं आहे, क्लासमधल्या एक्सेल शीटमध्ये नाही.

मग मिक्सरचं बघ. आपल्याकडं मिक्सरची खरी परीक्षा कशात होते? रश्श्याच्या वाटणात. सुकं खोबरं तेल सोडतं आणि भांड्याच्या कडेला चिकटून बसतं, खाली पातं नुसतं फिरत राहतं. पांढऱ्या रश्श्याला खसखस आणि तीळ थोडेच लागतात, ते मोठ्या भांड्यात घातले तर पात्याला लागतच नाहीत, चटणीचं छोटं भांडंच पायजे. ‘७५० वॅटच्या मिक्सरमध्ये सुकं खोबरं बारीक होतं का’, ‘थोडी खसखस वाटायला कुठलं भांडं’, ‘कांदा लसूण चटणी मिक्सरला करता येते का’ हे तुझे तीन लेख. यांच्यावर मोठ्या साइट्स बसलेल्या नाहीत, त्यांच्या ऑफिसात रस्सा कोण करतंय? आईला म्हण वाटण लाव, तू फोटो काढ, किती वेळा चमच्यानं कडेचं खाली ढकलावं लागलं ते पण लिही. दोन मिनिटात मशीन गरम झालं असेल तर ते पण लिही, भले लिंक त्याच मिक्सरची असू दे.

आणि अजून एक हिशोब. ॲमेझॉनवर तुझ्या लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासाच्या आत माणसानं वस्तू कार्टमध्ये टाकली आणि मग घेतली तर तुला कमिशन, नाहीतर नाही. ‘बेस्ट मिक्सर’ शोधणारा अजून महिनाभर सासऱ्याला, शेजाऱ्याला विचारत फिरणार. भांड्यापर्यंत येऊन पोचलेला माणूस मात्र आज-उद्या घेणार असतो. म्हणून दहा जण आले तरी चालतील, पण असले येऊ देत. बावीस लेख मोडून टाकू नको, ‘बेस्ट मिक्सर’वाला लेख ठेव आणि नवीन छोटे लेख त्याला जोड.

प्रश्न : मी गडहिंग्लजची गृहिणी, शिवणकामाच्या मशीन आणि सामानाबद्दल मराठीत लिहिते. कीवर्ड प्लॅनरमध्ये मराठी शब्द टाकले की बहुतेकांपुढं काहीच आकडा येत नाही. इंग्रजीत लिहू का?

उत्तर : नको ताई. प्लॅनर हे गुगलनं जाहिरातदारांसाठी केलेलं साधन आहे, जाहिरातीवर खर्च नसेल तर ते १०० ते १ हजार असे ढोबळच आकडे दाखवतं आणि शेपटीतल्या शब्दांसमोर तर मोकळी जागाच. तिथं आकडा नाही म्हणजे शोधणारं कुणी नाही असं धरू नका.

त्यापेक्षा सर्च कन्सोल उघडा, हे गुगलचंच साइटवाल्यांसाठीचं साधन, फुकट आहे. तुमची साइट कुठल्या शब्दांना दिसली, कितीदा दिसली, कितव्या नंबरवर होती ते सगळं तिथं येतं. दिसतेय पण क्लिक नाही, नंबर आठ ते वीसच्या मधे, असले शब्द वहीत उतरवा. समजा ‘शिलाई मशीनचा दोरा खालून गुंततो’ हा शब्द तुमच्या भलत्याच लेखाला दिसतोय, तर त्याला स्वतःचा लेख द्या. गुगलच्या खिडकीत ‘शिलाई मशीन’ लिहून एक जागा सोडा आणि क, ख, ग करत एकेक अक्षर टाका, खाली जे सुचवलं जातं ते लोकांचंच बोलणं असतं. एक गंमत आहे, आपली बरीच माणसं मराठीच लिहितात पण इंग्रजी अक्षरात. त्यासाठी अख्खा लेख तसा लिहायची गरज नाही, मथळ्याखालच्या एखाद्या ओळीत तसं लिहिलेलं असलं तरी पुरतं. आणि शिवणाबद्दल बायका तुम्हाला काय विचारतात ते लिहून ठेवत चला, ती वही कुठल्या पण पैसे देऊन घेतलेल्या टूलपेक्षा भारी.

प्रश्न : इचलकरंजीहून. माझ्या एका लेखावर रोज बरी गर्दी असते, कीवर्ड पण पक्का लाँग टेल आहे, ‘मिक्सर मध्येच बंद पडला लाल बटण कुठे असतं’. विक्री शून्य. काय चुकलं?

उत्तर : काही चुकलं नाही, तो माणूस घ्यायला आलेलाच नाही. मिक्सर उलटा करणार, बुडाखालचं बटण दाबणार, चालू झाला की तुम्हाला विसरणार.

मी यात चांगला भाजलोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, हायवे बंद, त्या आठवड्यात मी ‘पुरात भिजलेला फ्रीज चालू करावा का’ यावर लिहिलं. आधी आठवड्यात येत नव्हते एवढे लोक एका दिवसात यायला लागले आणि मी मूर्खासारखा खाली नवीन फ्रीजच्या सहा लिंका लावल्या. एक पण विकला गेला नाही. कसा जाईल, घरात चिखल, गॅस नाही, माणूस असलेलं वाचवायला बघतोय. नंतर लाजून लिंका काढल्या आणि तिथं फक्त प्लग काढा, वाळू द्या, मेकॅनिकला दाखवल्याशिवाय चालू करू नका एवढंच ठेवलं. तो लेख अजून आहे, त्यानं एक रुपया दिलेला नाही, राहू दे.

तेव्हा लांब शब्द दिसला की विचारा, हा दुरुस्तीवाला का घेणारा? ‘किती वॅटचा घेऊ’, ‘दोघातला कुठला’, ‘चार माणसांच्या घराला’, ‘३ हजारच्या आत’ असं काही असेल तर तो खिशात हात घालून उभा आहे. तुमच्या लाल बटणाच्या लेखात फार तर एक ओळ घाला, बटण रोजच उडत असेल तर मशीन कामाला कमी पडतंय, मग हे वाचा, आणि तिथून दुसऱ्या लेखाला लिंक.

प्रश्न : लाँग टेल शब्दांवर गुगल ॲड लावून थेट ॲमेझॉनची लिंक दिली तर? स्वस्तात क्लिक मिळतात म्हणे. – एक वाचक, उद्यमनगर

उत्तर : थेट लिंक नाही चालत, सर्च ॲडमधून माणूस सरळ ॲमेझॉनवर पाठवायला त्यांच्या ॲफिलिएट नियमात बंदी आहे, ‘ॲमेझॉन’ हे नाव कीवर्ड म्हणून घेऊन ॲड लावायला पण. दुसऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम असेल तर आधी त्यांच्या अटी वाच.

स्वतःच्या पेजवर आणलास तरी कागदावर मांडून बघ. समजा क्लिक ५ रुपयाला पडली आणि चाळीसातला एक घेतो, म्हणजे २०० रुपये गेले. अडीच हजाराचा मिक्सर, समजा ५ टक्के कमिशन, आले १२५. प्रत्येक विक्रीला ७५ रुपये खिशातनं. शिवाय फारच बारीक शब्द टाकलास तर गुगल त्याच्यापुढं ‘लो सर्च व्हॉल्यूम’ लिहून ॲड दाखवतच नाही. म्हणून जाहिरातीत फ्रेज मॅचवर (तुझ्या कीवर्डचा अर्थ ज्यात येतो अशाच सर्चला ॲड दाखवायची सेटिंग) तीन-चार शब्दांचे मधले कीवर्ड घे आणि नको असलेल्या शब्दांची यादी पहिल्या दिवसापासून लाव, ‘दुरुस्ती’, ‘सेकंड हँड’, ‘पार्ट’, ‘फुकट’. दर दोन दिवसांनी सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडून बघ लोक खरं काय टाइप करून आलेत, पैसे बुडाले तरी ती यादी फुकट लिहायच्या लेखांना कामाला येते.

प्रश्न : एआयकडून ‘कोल्हापूरमध्ये बेस्ट मिक्सर’, ‘सांगलीमध्ये’, ‘मिरजमध्ये’ अशी ३०० पेजेस करून टाकली तर?

उत्तर : सांगलीला गेल्यावर मिक्सर बदलतो काय? २०२४ च्या मार्चमध्ये गुगलनं असल्या ढीगभर माल पाडण्याला स्पॅमच्या नियमात नाव घेऊन घातलंय, मग तो एआयनं लिहिलेला असो नाहीतर हातानं. नको.

प्रश्न : लिंकवर कमिशन मिळतं हे लिहायलाच लागतं का? लोक बिचकतील असं वाटतं.

उत्तर : लागतं. केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२३ च्या जानेवारीत यावर मार्गदर्शिका काढलीय आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक कायद्याखाली १० लाखापर्यंत दंड होऊ शकतो, परत केलं तर ५० लाख. लिंकेच्या आधी साध्या मराठीत लिहायचं, ‘या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुम्हाला किंमत तीच पडते’, पेजच्या तळाला बारीक अक्षरात नको. गुगलसाठी लिंकेच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ असं टाकायचं, वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) बऱ्याच प्लगइनमध्ये, म्हणजे त्याला जोडायच्या छोट्या सोयींमध्ये, त्याला नुसती टिक करायची असते. आणि बिचकण्याचं म्हणाल तर महाद्वार रोडवर दुकानदार नफा घेतो हे माहीत असून पण लोक खरेदी करतातच की.