पासपोर्ट ब्रिटिश, मग फी ओव्हरसीज का?

प्रश्न : मुलीचा जन्म इंग्लंडमधला, पासपोर्टही ब्रिटिश. ती चार वर्षांची असताना आम्ही भारतात परतलो. आता दहावी झाली आहे. दोन वर्षं लेस्टरला मामाकडे राहून तिने ए-लेव्हल्स (तिथली बारावीच्या तोडीची परीक्षा) केल्या, तर पुढे विद्यापीठात होम फी, म्हणजे तिथल्या रहिवाशांची फी, लागू होईल ना? की परदेशी विद्यार्थ्यांची ओव्हरसीज फी?
– एक आई

उत्तर : ताई, बहुधा नाही होणार. मामाच्या घरावर हिशेब मांडू नका.

पासपोर्टमुळे अर्धीच अट पूर्ण होते. उरलेली अर्धी वास्तव्याची. कोर्स सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होत असेल, तर त्या वर्षीच्या १ सप्टेंबरच्या आधीची सलग ३ वर्षं तिचं नेहमीचं राहणं ब्रिटनमध्ये असायला हवं. तुमच्या बेतात दोनच वर्षं भरतात. पण एक वर्ष वाढवूनही भागत नाही, कारण मुख्यतः शिक्षणासाठी केलेलं वास्तव्य धरलं जात नाही. विद्यापीठ विचारतं, शिकायचं नसतं तर ही मुलगी कुठे राहिली असती? तुमच्याकडे, भारतात. झालं!

आईवडील तात्पुरत्या नोकरीसाठी ब्रिटनबाहेर गेले असतील, तर तो काळ तात्पुरती अनुपस्थिती मानला जाऊ शकतो. त्यासाठी मुदतीचा नोकरीचा करार, ब्रिटनमध्ये राखलेलं घर असे पुरावे लागतात. पण तुम्ही परतून बारा वर्षं होत आलीत, तेव्हा हा मुद्दा टिकणं अवघड. सगळं कुटुंबच तिकडे स्थायिक होणार असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही तीन वर्षं कोर्सच्या आधी भरायला हवीत. कोर्स चालू असताना भरली म्हणून फी उतरत नाही.

फरक किती? इंग्लंडमध्ये होम विद्यार्थ्यांच्या पदवीच्या फीला सरकारी मर्यादा आहे. २०२५-२६ साठी वर्षाला ९,५३५ पौंड. ओव्हरसीज फीला अशी मर्यादाच नाही, विद्यापीठ ठरवेल ती. सरकारी शैक्षणिक कर्जालाही वास्तव्याची अशीच अट असते, म्हणून तेही गृहीत धरू नका.

पासपोर्ट वाया मात्र जात नाही. तिला स्टुडंट व्हिसा लागणार नाही, नोकरीच्या तासांवर बंधन नाही, पदवीनंतर तिथे राहायला कुणाची परवानगी नको. माझ्या मते फीच्या आशेने सोळाव्या वर्षी तिला एकटीला पाठवू नका. बारावी इथेच होऊ दे, खर्च ओव्हरसीज फी धरून मांडा. अर्ज केल्यावर विद्यापीठ फी स्टेटसची (फी होम की ओव्हरसीज, हे ठरवणारी) प्रश्नावली पाठवेल, ती खरी भरा. निर्णय प्रत्येक विद्यापीठ आपापला घेतं. तो लेखी हाती आल्याशिवाय ऑफर पक्की करू नका.