लेझरने चष्म्याचा नंबर घालवला तर खूप दुखतं का, नीट दिसायला किती दिवस लागतात आणि नंतर पस्तावा होतो का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते पण त्याआधी एक गोष्ट. सगळे नुसतं "लेझर केलं" म्हणतात, पण त्यात दोन-तीन वेगवेगळे प्रकार असतात आणि तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर कुठला प्रकार केला त्यावर पूर्ण बदलतं. माझ्या धाकट्या बहिणीचं लॅसिक झालं आणि त्यानंतर चार महिन्यांनी माझं पीआरके झालं. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख दिसत होतं. मला सहा आठवडे लागले. त्यातले पहिले दोन आठवडे मी तिच्याशी धड बोलत नव्हते हेही सांगून टाकते.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ६ च्या आसपास, चौथीपासून चष्मा. मायनस ६ म्हणजे चष्म्याशिवाय साधारण १६-१७ सेंटिमीटरच्या पुढचं सगळं पुसट, पुस्तक नाकाला लावलं तर अक्षरं दिसणार, हात जरा लांब केला की सगळ्या मुंग्या. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे उशीच्या बाजूला तळहात फिरवत चष्मा चाचपायचा. आणि आंघोळीला गेल्यावर भिंतीवर काळं काही दिसलं की ती पाल आहे की टॉवेलचा हूक हे जवळ जाऊनच कळायचं, आणि पाल असेल तर जवळ जायचं कोणी.

मी लॅसिकच करायचं ठरवून गेले होते, बहिणीचं बघून. तपासण्यांनाच अर्धा दिवस गेला. त्याआधी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद करायला लावल्या होत्या (कडक लेन्सवाल्यांना आणखी जास्त दिवस सांगतात) कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, आकार थोडा बदललेला असतो आणि त्यावर मोजमाप घेतलं की चुकीचं येतं. मग कॉर्नियाचा उंचसखलपणा दाखवणारा रंगीत नकाशा काढतात, जाडी मोजतात, अंधारात बाहुली किती मोठी होते ते बघतात, खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवून अश्रू किती येतात ते बघतात (ही पट्टी फार वैताग आणते), आणि शेवटी थेंब घालून बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासतात. या सगळ्याचा कंटाळा करू नका, कोणी घाईत उरकत असेल तर तिथून उठा. विशेषतः तो नकाशा. केराटोकोनस नावाचा आजार असतो, त्यात कॉर्निया हळूहळू पातळ होऊन पुढे फुगत जातो, सुरुवातीला तो नुसत्या नंबरवरून ओळखू येत नाही आणि अशा डोळ्यावर लेझर मारलं तर तो आणखी बिघडतो. नकाशात तो पकडता येतो. बाकी वय १८ पूर्ण हवं, नंबर किमान वर्षभर हललेला नको, गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर थांबा, हे तुम्हाला सगळेच सांगतील.

माझं लॅसिक बारगळलं ते जाडीवर. कॉर्निया सर्वसाधारणपणे ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, माझा निघाला ४८७. डॉक्टरांनी कागदावर हिशोबच करून दाखवला: लॅसिकमध्ये आधी वरचा एक पातळ पापुद्रा कापून दारासारखा बाजूला उघडतात, तो धरा ११०, मग एका नंबरमागे साधारण १५ मायक्रॉन घासायचे म्हणजे ६ नंबरचे ९०, खाली उरले २८७. २५० च्या खाली कोणीच जात नाही, पण त्यांना स्वतःला ३०० च्या वर हवे होते. पीआरकेमध्ये पापुद्रा कापतच नाहीत, कॉर्नियावरची अगदी वरची नाजूक साल फक्त पुसून काढतात, थेट तिथे लेझर मारतात आणि ती साल काही दिवसांत परत आपोआप येते. डोळा जास्त भक्कम राहतो, त्याची किंमत म्हणजे दुखणं आणि वाट बघणं. मी तोंड पाडून घरी आले पण आता वाटतं ज्याने "नाही" म्हटलं तोच डॉक्टर बरा होता.

प्रत्यक्ष ऑपरेशनबद्दल काय सांगू, फारच लहान आहे ते. परफ्यूम, मेकअप काही लावून यायचं नाही. बधिर करायचे थेंब घालतात, इंजेक्शन वगैरे काही नाही, पापण्या उघड्या ठेवायला तारेची एक क्लिप लावतात, तीच सगळ्यात विचित्र वाटते कारण मिटायचा प्रयत्न केला तरी मिटत नाही. मग डोळ्यावर एक छोटी कडी ठेवून त्यात पातळ केलेलं अल्कोहोल काही सेकंद ठेवतात, साल सुटते, ती पुसून काढतात तेव्हा समोरचा लुकलुकणारा दिवा पावसात काचेतून बघावा तसा फिसकटतो. लेझर स्वतः अर्धा मिनिट पण नसेल, टक टक टक टक आवाज. मला भीती होती की मी डोळा हलवला तर काय, पण मशीन डोळ्याच्या हालचालीमागोमाग फिरतं आणि डोळा फारच सरकला तर थांबतं. नंतर थंडगार पाणी ओततात (ते चक्क छान वाटतं) आणि वर पट्टी म्हणून एक साधी कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात.

हो, आणि वास येतो. केस जळल्यासारखा. मी टेबलावर मनातल्या मनात रामराम म्हटला, पण तिथे काही जळत नसतं. हा एक्सायमर लेझर म्हणजे १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, तो भाजत नाही, रेणूंमधले बंधच तोडतो आणि तेवढाच थर उडून जातो, शेजारच्या भागाला आच लागत नाही. हे शोधलं कसं ते मी नंतर वाचलं, १९८१ मध्ये आयबीएममध्ये काम करणाऱ्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत आणून त्यावर हा लेझर मारला होता आणि कडा न करपता स्वच्छ खाच पडली. श्रीनिवासन आपल्या मद्रासचे. म्हणजे माझ्या डोळ्याआधी एक टर्की. असो.

आता दुखण्याचं. ऑपरेशन अजिबात दुखत नाही. घरी आल्यावर दोन तासांनी बधिरपणा उतरला आणि मग कळलं. पहिल्या रात्री डोळ्यांत मूठभर वाळू टाकून वर कोणी कांदा चिरतंय असं, दुसरा दिवस त्याहून वाईट, तिसऱ्या दिवशी उतार. मी खोलीत सगळे पडदे लावून, वर गॉगल घालून, उशीत तोंड खुपसून पडले होते आणि नाकातून, डोळ्यांतून नुसतं पाणी. फ्रिज उघडला तर आतला दिवा सहन होईना. गोळ्या देतात त्या वेळेवर घ्या, दुखायला लागल्यावर नाही. ते बधिर करायचे थेंब घरी द्या म्हणून मी गयावया केली होती पण देत नाहीत, कारण ते वारंवार घातले की साल भरून यायचीच थांबते. हे सगळं ऐकून घाबरू नका, माझ्यासोबत त्याच दिवशी झालेल्या एका मुलाला नुसतं खुपल्यासारखं झालं, ज्याचं त्याचं वेगळं.

पण खरी परीक्षा दुखण्याची नाही, दिसण्याची असते आणि हे मला कोणी आधी नीट सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. ऑपरेशननंतर लगेच मला बऱ्यापैकी दिसत होतं, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसले तेव्हा रडू आलं (पाणी आधीच येत होतं त्यामुळे कोणाला कळलं नाही). मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम धूसर. काटे गेले, आकडे तर नाहीच. मला वाटलं झालं, वाया गेलं सगळं. पण त्याचं कारण अगदी साधं आहे, साल भरते ती कडेकडून मध्याकडे सरकत येते आणि शेवटी ऐन मधोमध जुळते, म्हणजे जिथून आपण बघतो तिथेच तो सांधा येतो आणि सुरुवातीला खडबडीत असतो. पाचव्या दिवशी ती पट्टीची लेन्स काढली, तक्त्यावर ६/१८ वाचता आलं, दहाव्या दिवशी ६/१२. म्हणजे जे चांगल्या डोळ्याला १२ मीटरवरून वाचता येतं ते मला ६ वरून. मोबाइलवरची अक्षरं भलीमोठी करून ठेवली होती आणि मेसेज बोलून पाठवत होते. कामावर मी दहा दिवसांनी गेले, पण स्क्रीनवर धड काम व्हायला तीन आठवडे लागले. शिवाय दोन्ही डोळे एकाच वेगाने सुधारत नाहीत, माझा डावा पुढे धावत होता आणि उजवा रुसून बसला होता, मी दर तासाला एक डोळा हाताने झाकून घड्याळ वाचून बघायचे. असं करू नका, काही उपयोग नाही, नुसता जीव खालीवर होतो. सहाव्या आठवड्याला दोन्ही डोळ्यांनी ६/६.

थेंबांचं वेळापत्रक मात्र डोळ्यात तेल घालून पाळा, म्हणजे तेल नाही थेंबच, पण कळलं ना. अँटिबायोटिकचे सुरुवातीचे थोडे दिवस, स्टेरॉइडचे हळूहळू कमी करत काही महिने, आणि ओलाव्याचे त्याहून जास्त काळ. स्टेरॉइडच्या थेंबांनी काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो, माझाही थोडा वाढला होता आणि तपासणीला गेले म्हणून कळलं, मला स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं, थेंब बदलून दिले आणि उतरला. म्हणून छान दिसायला लागलं की तपासण्या बुडवायच्या असं करू नका. आणि बाहेर उन्हात गॉगल, पीआरकेनंतर अतिनील किरणांनी कॉर्नियावर पांढुरकी झाक येऊ शकते.

बहिणीचं सगळं सोपं होतं असंही नाही हं. पापुद्रा कापताना डोळ्यावर दाब देऊन धरतात तेव्हा तिला काही सेकंद पूर्ण अंधार झाला आणि ती टरकली होती. संध्याकाळपर्यंत चुरचुर, झोपून उठली, संपलं. पण तो पापुद्रा कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्या परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि तोवर डोळ्याला कोरडं पडल्याचं नीट कळत नाही म्हणून पाणीही कमी येतं. तिला आठ महिने कोरडेपणाचा त्रास होता, मला तीन. शिवाय तिला डोळे चोळायची सक्त बंदी होती, रात्री प्लॅस्टिकच्या वाट्या चिकटवून झोपायची, कारण पापुद्रा सरकला तर परत टेबलावर. तिसरा प्रकार स्माईल, त्यात मोठा पापुद्रा न कापता आत एक चकती तयार करून बारीकशा चिरेतून ओढून काढतात, तो आमच्या दोघींपैकी कोणी केला नाही म्हणून त्यावर ज्ञान पाजळत नाही.

रात्रीचं राहिलं. पहिले तीन-चार महिने समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती कडी दिसायची, मी त्या काळात रात्री गाडी चालवली नाही. आता कमी झालंय, अगदी गेलेलं नाही, पावसाळी रात्री अजून दिसतं. तुमचं काम रात्रीच्या ड्रायव्हिंगचं असेल तर हा मुद्दा डॉक्टरांना आवर्जून विचारा.

पस्तावा? नाही. पण दोन गोष्टी समजून मग जा. एक म्हणजे चाळिशी लागायची ती लागणारच, ती डोळ्यातलं भिंग ताठर झाल्यामुळे लागते, त्याचा कॉर्नियाशी संबंध नाही. उलट ज्यांचा नंबर मायनस २-३ असतो ते चाळिशीनंतर चष्मा काढून आरामात वाचतात, लेझर केल्यावर ती सोय जाते. तुम्ही सदतीस-अडतीसचे असाल तर याचा नीट विचार करा, काही जण चष्मा घालवतात आणि चार वर्षांत दुसरा घेऊन बसतात. दुसरं म्हणजे मायनसचा डोळा मुळात मागून लांबट असतो, त्याने आतला पडदा ताणलेला असतो. लेझरने पुढची काच बदलली, डोळा लांबटचा लांबटच. म्हणजे पडदा फाटायचा किंवा सुटायचा धोका पूर्वी होता तेवढाच आहे, एकदम काळे ठिपके, विजा चमकल्यासारखं किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. मी दरवर्षी पडदा तपासून घेते.

आता दोन वर्षं झाली. अजूनही कधीतरी बोटाने नाकावरचा नसलेला चष्मा वर ढकलते, घरचे हसतात. आंघोळीच्या भिंतीवरचा तो काळा डाग हूकच होता. पाल खिडकीच्या वर राहते, आता दारातूनच दिसते.

आणि एक, ऑपरेशनच्या आधीचे सगळे रिपोर्ट, जुना नंबर, कॉर्नियाची मापं, एक कागद टाकू नका. पुढे कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ आली तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना, लेझर झालेल्या डोळ्यात नेहमीचा हिशोब चुकू शकतो आणि तेव्हा हे जुने आकडे कामाला येतात. माझी फाईल कपाटात सगळ्यात वरच्या खणात आहे, वर जाड पेनाने लिहून ठेवलंय, "रद्दीत देऊ नका".