शहरातील जुन्या वास्तू जपणाऱ्यांचा सन्मान करायचा असेल, तर निवड कशी करावी?

आपण विचारले आहे की, शहरातील जुन्या वास्तू जपणाऱ्या व्यक्तींचा नागरिकांच्या संस्थेतर्फे दरवर्षी सन्मान करायचा झाल्यास निवड कशी करावी आणि सन्मानाचे स्वरूप काय असावे. मी नोकरीत बांधकामाचीच कामे पाहून निवृत्त झालो आणि त्यानंतर नऊ वर्षे एका मध्यम आकाराच्या शहरातील अशाच एका छोट्या संस्थेच्या निवड समितीवर होतो. त्यामुळे माझे उत्तर बरेचसे आमच्या चुकांवर आधारलेले आहे, आणि त्यांतली पहिली चूक सर्वांत बोलकी आहे.

पहिल्या वर्षी आम्ही एका वाड्याच्या मालकांचा सत्कार केला. दर्शनी भिंत नव्याने गिलावा करून, वर झकास रंग देऊन त्यांनी वाडा असा सजवला होता की रस्त्यावरून जाणारा थांबून फोटो काढत असे. कार्यक्रम जानेवारीत झाला, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, सगळे खूष. त्यानंतरचा दुसरा पावसाळा सरत असताना मी सहज त्या बाजूला गेलो, तर जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत गिलाव्याला पोट आले होते. बोटाच्या पेराने ठोकून पाहिले, तर बद्द आवाज आला. एका कोपऱ्यात पापुद्रा सुटला होता, त्यामागची वीट नखाने खरवडली तर रव्यासारखी हातात आली, आणि तिच्यावर क्षारांची पांढरी पूड चढलेली होती.

कारण साधे होते. वाडा बांधला होता चुन्यात आणि गिलावा केला होता सिमेंटचा. जुन्या भिंतीत जमिनीतून थोडी ओल चढतेच, पण चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, म्हणून भिंत उन्हाळ्यात सुकते. सिमेंटचा गिलावा तिचा श्वास कोंडतो. मग ओल आतल्या मऊ विटेत अडकते, तिच्यातले क्षार विटेच्या पृष्ठभागाशी साठून त्यांचे खडे होतात आणि वीट आतून पिठासारखी होत जाते. म्हणजे ज्या कामाने वाड्याचे आयुष्य कमी झाले, त्याच कामाला आम्ही शाल घातली होती. मालकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही सांगण्याऐवजी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून समितीने दोन गोष्टी पाळल्या. एक, पाहणी पावसाळ्यात करायची, तीही शक्यतो श्रावणात, भर पावसात छत्री घेऊन. पागोळ्या कोठे पडतात, पन्हळ कोठे तुंबते, कडीपाटाच्या कोणत्या खणात काळा डाग उतरतो, हे जानेवारीच्या उन्हात काही दिसत नाही. दुसरी, काम संपून किमान एक पावसाळा गेल्याशिवाय त्याचा विचारच करायचा नाही. यातले दुसरे शहाणपण आमचे नव्हे. युनेस्को २००० सालापासून आशिया-पॅसिफिक प्रदेशासाठी सांस्कृतिक वारसा संवर्धनाचे पुरस्कार देते, त्यांच्या नियमांत वास्तू पन्नास वर्षांहून जुनी असावी, काम गेल्या दहा वर्षांत पूर्ण झालेले असावे आणि त्यानंतर ती वास्तू किमान एक वर्ष प्रत्यक्ष वापरात असावी, अशी अट आहे. वापराची ही अट मला फार महत्त्वाची वाटते. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले, मालक असलेल्या गुजरातमधील गोंडलच्या राजघराण्याने संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडून त्याचे काम करून घेतले, ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा उघडला आणि २०१७ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तेथे आज लोक तिकीट काढून कार्यक्रम पाहतात. कुलूप लावून ठेवलेली चकचकीत वास्तू आणि वापरात असलेली थोडी मळकी वास्तू यांत निवड करायची वेळ आली, तर मी डोळे झाकून दुसरीच्या बाजूने मत देईन.

आता नावांचा प्रश्न. सन्मान कोणाचा करायचा, हे ठरवताना समित्या बहुधा वास्तुविशारद आणि मालक यांच्यापाशी थांबतात, आणि आम्हीही थांबलो होतो. एका जुन्या मंदिराच्या सभामंडपाचे काम उत्तम झाले होते आणि चुन्याचे सगळे काम सत्तरी ओलांडलेल्या एका गवंड्याने केले होते. पाहणीला गेलो तेव्हा ते पिंपातला मुरलेला चुना चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळून पाहत होते. लोण्यासारखा लागला पाहिजे, रवाळ लागला तर आणखी मुरू द्यायचा, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. बेलफळाचे पाणी, गूळ आणि हिरडा किती घालायचा याचे मापही त्यांच्या हातातच होते, कागदावर कोठे नव्हते. ताज्या गिलाव्यावर ओली गोणपाटे टांगून ते दिवसातून तीनतीनदा पाणी मारत, आणि मुकादम घाई करू लागला की ऐकू न आल्यासारखे करत. आम्ही त्यांना कार्यक्रमाला बोलावले खरे, पण मानपत्रावर छापले होते ‘वास्तुविशारद व त्यांचे सहकारी’. ते शेवटच्या रांगेत बसले होते. दुसऱ्या दिवशी मी ओशाळून त्यांच्याकडे गेलो आणि पुढच्या वर्षी आपले नाव घालू असे म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, माझं लिवायचं तर बापाचंबी लिवा. चुन्याच्या घाणीवर बैल त्योच हाकायचा, चुना त्यानंच दावला.” पुढच्या वर्षी आम्ही दोघांचीही नावे लिहिली.

ही भावनेच्या भरात केलेली गोष्ट नाही, तिला चांगले दाखले आहेत. आगाखान वास्तुकला पुरस्कार १९७७ मध्ये स्थापन झाला, तोच मुळी वास्तुविशारदाबरोबर मालक, अभियंते, कारागीर अशा सर्वांचे श्रेय मानण्याच्या भूमिकेतून. १९८० च्या पहिल्याच फेरीत इजिप्तमधील हलावा हाऊस या घराला पुरस्कार देताना वास्तुविशारद अब्देल वाहेद अल-वकील यांच्यासोबत मुख्य गवंडी अलादीन मुस्तफा यांचेही नाव घेतले गेले. घर नवे होते, पण बांधणीची रीत जुनी होती, आणि ती रीत ज्याच्या हातात होती तो माणूस समितीला दिसला. आपल्याकडे उलट चालते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत कोणाची असे विचारले, तर वास्तूंची आवड असलेला माणूस फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे नाव पटकन सांगतो, पण त्याच कामावर सहायक अभियंता असलेले सीताराम खंडेराव वैद्य किती जणांना ठाऊक आहेत? नाव वेळीच लिहून ठेवले नाही, तर शंभर वर्षांनी ते शोधायला संशोधक लागतो.

मुंबईतच एक चांगले उदाहरण भायखळ्याला आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ज्यांच्या खटपटीतून उभे राहिले, त्यांत नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्र्याचे, पेशाने डॉक्टर, आणि या संग्रहालयासाठी निधी जमवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचे नाव दिले गेले. पुढे महानगरपालिका, वारसा जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून या इमारतीचा जीर्णोद्धार हाती घेतला, विकास दिलावरी हे त्याचे संवर्धन वास्तुविशारद होते, आणि २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा सर्वोच्च श्रेणीचा पुरस्कार मिळाला. यात सरकारी मालकी, खाजगी पैसा आणि जाणकार संस्था अशा तिघांचा हात आहे. तुमच्याकडे असे एखादे काम झाले, तर तिघांतल्या एकालाच व्यासपीठावर बसवू नका, विशेषतः ज्याने पैसे दिले त्यालाच. पैसे देणाऱ्याचे नाव विसरले जाण्याची भीती आपल्या देशात तशी कमीच असते.

आता अशा लोकांविषयी लिहितो, ज्यांनी कोणताही जीर्णोद्धार केलेला नाही, पण ज्यांच्यामुळे जीर्णोद्धाराची वेळच आली नाही. माझ्या मते सन्मानाचा मोठा वाटा यांना मिळायला हवा, आणि नेमके हेच लोक अर्ज करत नाहीत. आमच्या शहरातील एका जुन्या दुमजली इमारतीत राहणाऱ्या एक आजी दर पावसाळ्यानंतर नातवाला गच्चीवर पाठवून कठड्याच्या फटींत उगवलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढून घेत असत. पिंपळाचे रोप दोन पानांचे असते तेव्हा दोन बोटांनी निघते, तीन वर्षांनी त्याच रोपासाठी अर्धा कठडा उतरवावा लागतो. आजूबाजूच्या चार इमारतींच्या भिंती पिंपळाने फोडल्या, ही एक शाबूत राहिली. आम्ही आजींना निरोप पाठवला तेव्हा त्यांना वाटले की घर रिकामे करायची नोटीस आली. तेव्हा अर्ज मागवण्याच्या भानगडीत न पडता समितीने स्वतः गल्लोगल्ली फिरावे, पोस्टमन, इलेक्ट्रिशियन, जुने गवंडी यांना विचारावे. कोणत्या इमारतीची निगा नीट आहे, हे त्यांना नगररचना विभागापेक्षा अधिक अचूक माहीत असते.

मालक आणि भाडेकरू यांच्याविषयीही न्यायाने वागायला हवे. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि पुढे दशकानुदशके मालकाला मिळणाऱ्या भाड्यात एक कौलसुद्धा बदलता येईना. १९९९ च्या कायद्याने दरसाल चार टक्क्यांची वाढ दिली, पण मूळ रक्कमच इतकी लहान की त्या चार टक्क्यांना फारसा अर्थ उरला नाही. अशा स्थितीत मालक व भाडेकरू यांनी वर्गणी काढून छप्पर दुरुस्त केले असेल, तर तो सन्मान दोघांना एकत्र द्यावा. आम्ही एकदा फक्त मालकांना दिला आणि भाडेकरूंनी कार्यक्रमावर बहिष्कार टाकला. त्यांचे बरोबर होते.

चिकाटीने पत्रव्यवहार करणारे, नकाशे घेऊन सुनावण्यांना जाणारे नागरिकही यात येतात. मुंबईला १९९५ मध्ये वारसा नियमावली मिळाली, जी देशात या प्रकारची पहिली होती. आणि जून २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको या शैलींतल्या इमारतींचा वास्तुसमूह जागतिक वारसा यादीत गेला, त्यात ओव्हल मैदानाच्या परिसरातील ९४ इमारती आहेत. तेथील रहिवाशांच्या संघटनांनी त्यासाठी दहाएक वर्षे पाठपुरावा केला होता. हे काम दिसायला कंटाळवाणे असते आणि त्याचे छायाचित्रही काढता येत नाही. अशांचा सत्कार करताना ‘अमुक साली अमुक इमारत पाडण्याचा प्रस्ताव यांच्या हरकतीमुळे मागे घेतला गेला’ इतके नेमके मानपत्रात लिहावे. ‘वारसाप्रेमी’ या शब्दातून कोणालाच काही कळत नाही.

स्वरूपाविषयी थोडक्यात सांगतो. शाल आणि श्रीफळ द्यायला हरकत नाही, आपल्याकडे त्याशिवाय सत्कार झाल्यासारखा वाटत नाही. पण कारागिराला त्याच्या तीन-चार दिवसांच्या मजुरीइतकी तरी रक्कम द्यावी, कारण तो कार्यक्रमासाठी कामावर खाडा करून येतो. त्याहून उपयोगी पडली ती आम्ही दरवर्षी छापलेली एक साधी पुस्तिका. चुन्याचे काम, लाकडी नक्षीची दुरुस्ती, घडीव दगडाचे काम, कौलांचे काम करणाऱ्या कारागिरांची त्यांच्या संमतीने नोंद आणि त्यांनी कोठे काम केले आहे याचा उल्लेख, बस्स. तिच्यामुळे त्या चुन्याच्या गवंड्यांना पुढच्या दोन वर्षांत तीन कामे मिळाली, आणि हाताखाली शिकायला त्यांचा पुतण्याही आला, जो आधी फरशा बसवायला जात होता. व्यासपीठावर प्रमुख पाहुणे म्हणून कोणाला बोलवावे याबद्दल माझे मत विचाराल, तर मागच्या वर्षीच्या सत्कारमूर्तीला बोलवावे. कार्यक्रम वेळेवर सुरू होतो.

शेवटी, सन्मानाची पाटी इमारतीवर लावायचे ठरले, तर एक काळजी घ्या. आमच्या संस्थेने पहिली पाटी एका सुंदर घडीव दगडाच्या मधोमध भोक पाडून लोखंडी स्क्रूने बसवली होती. लोखंड गंजले की फुगते, आणि फुगलेला स्क्रू दगडाला आतून तडा देतो. तसा तडा तेथे गेला आहे, तो मी आजही येता-जाता पाहतो. पाटी लहान असू द्या, स्क्रू पितळी किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, आणि भोके दगडात न पाडता दोन दगडांमधल्या दर्जेत पाडा, म्हणजे पुढेमागे पाटी काढावी लागली तरी चुना भरून दर्ज पूर्ववत करता येते. भोके पाडण्याचे काम इलेक्ट्रिशियनला देऊ नका, ज्या गवंड्याचे नाव पाटीवर आहे त्यालाच सांगा.