वाचकांचे प्रश्न : इया खोऱ्यात गाडीने

प्रश्न : ऑक्टोबरअखेरीस आम्ही चौघे जपानच्या शिकोकू बेटावर जाणार आहोत. ओबोके स्टेशनवरून इया खोऱ्यातून त्सुरुगी डोंगराच्या पायथ्याशी, मिनोकोशीला जायचं आहे. नकाशावर अंतर फार नाही. एका दिवसात जाऊन येता येईल का? गाडी कोणती घ्यावी?

उत्तर : दोन दिवस ठेवा, मुक्काम खोऱ्यातच करा. वरच्या टप्प्यात जो राष्ट्रीय मार्ग 439 लागतो, तो नावाला राष्ट्रीय आहे. स्थानिक लोक त्याला ‘योसाकू’ म्हणतात, म्हणजे चार, तीन, नऊ या आकड्यांचे जपानी उच्चार जोडून झालेलं नाव. बऱ्याच ठिकाणी तो एकाच गाडीपुरता उरतो. ताशी 25 किलोमीटरचा हिशेब धरा. त्या दिवसांत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, दरीत अंधार त्याही आधी, आणि मग रस्त्यावर हरणं येतात. चारपर्यंत मुक्कामी पोहोचा.

दोघं असता तर 660 सीसीची, पिवळ्या नंबरप्लेटची केई, म्हणजे जपानमधल्या सर्वांत छोट्या वर्गातली गाडी घ्या म्हटलं असतं. तिची रुंदी जास्तीत जास्त 1.48 मीटर. चौघे आणि बॅगा घेऊन ती चढाला दमते. 1.7 मीटरच्या आतली छोटी हॅचबॅक घ्या. व्हॅन मात्र अजिबात नको.

समोरून गाडी आली की ज्याला रुंद जागा जवळ, त्यानं रिव्हर्स घ्यायचा. म्हणून येताना मागे सोडलेली प्रत्येक रुंद जागा लक्षात ठेवत चला. वळणावरच्या गोल आरशात गाडी दिसली तर अलीकडेच थांबा. बाजू देताना चाक डोंगराकडे फार दाबू नका. तिथे झाकण नसलेलं सिमेंटचं गटार असतं, आणि पानगळीत ते सूचिपर्णी झाडांच्या काड्यांनी नि पानांनी रस्त्याच्या पातळीपर्यंत भरतं. डोळ्यांना जमीन दिसते, चाक आत जातं आणि गाडी पोटावर बसते. मग क्रेनशिवाय ती निघत नाही. शंका आली तर एकानं उतरून बघावं.

उतारावर नुसत्या ब्रेकवर राहू नका, ब्रेक तापून पकड जाते. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘एस’, ‘बी’ किंवा ‘एल’वर घ्या, म्हणजे इंजिनच वेग आवरतं.

प्रश्न : पेट्रोल कुठे भरावं?

उत्तर : खोऱ्यात शिरण्याआधी, ओबोकेवरून जाणाऱ्या राष्ट्रीय मार्ग 32 वर. आत पंप मोजके, संध्याकाळी लवकर बंद होणारे. लाल नोझल म्हणजे रेग्युलर पेट्रोल; ‘रेग्युलर, मान्तान’ म्हटलं की टाकी फुल. हिरवं नोझल डिझेलचं. डिझेलला जपानीत ‘केईयू’ म्हणतात, त्यामुळे केई गाडीत तेच भरायचं असा समज होऊन इंजिन बंद पडतं. चुकून भरलंच तर गाडी सुरू करू नका, टाकी रिकामी करून घ्या.

प्रश्न : भारतीय लायसन्स चालतं का?

उत्तर : एकटं नाही. 1949च्या जिनिव्हा करारानुसारचं आंतरराष्ट्रीय परमिट आरटीओकडून निघण्याआधी घ्या; सोबत मूळ लायसन्स आणि पासपोर्ट हवा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. पण लाल उलट्या त्रिकोणाच्या पाटीपाशी आणि रेल्वे फाटकापाशी, फाटक उघडं असलं तरी, चाकं पूर्ण थांबवायची. गाडीला ओरखडा जरी गेला तरी 110 वर पोलिसांना कळवा, कारण पोलिसांकडे नोंद नसेल तर विम्याचे पैसे मिळत नाहीत.