कबुलीनंतर फादरनी काय करायचं?

प्रश्न : माझ्या रहस्यकादंबरीत खुनी फादरसमोर पापनिवेदन (कन्फेशन) करतो. मग फादर पोलिसांना निनावी चिठ्ठी टाकतात. पटेल का?

उत्तर : कॅथलिक वाचक तिथेच पुस्तक मिटेल. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ९८३ प्रमाणे धर्मगुरूला ते गुपित शब्दानेच काय, खुणेनेही फोडता येत नाही. जाणूनबुजून थेट फोडलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो, आणि ती शिक्षा उठवण्याचा अधिकार रोमकडे, म्हणजे पोपच्या दरबाराकडे, राखलेला आहे. पाप सांगणारा मेला तरी बंधन सुटत नाही.

कॅनन ९८४ याहून जाचक, म्हणूनच लेखकाच्या जास्त कामाचा. गुपित न फुटताही ती माहिती पाप सांगणाऱ्याच्या तोट्यासाठी वापरायची नाही. आचाऱ्याने दानपेटीतल्या चोरीची कबुली दिली, तर दुसऱ्या दिवशी त्याला त्या कारणाने कामावरून काढायची सोय नाही. ‘आधी पोलिसांत हजर हो, मग पापक्षमा’ ही अटही घालता येत नाही. व्हॅटिकनने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. फादर हजर होण्याचा सल्ला देतील, पश्चात्ताप दिसला नाही तर क्षमा नाकारतील. त्यापलीकडे हात बांधलेले.

तेव्हा पुरावा कन्फेशनबाहेरून येऊ द्या. इंग्रज लेखक चेस्टरटनच्या फादर ब्राऊन या गुन्हे उकलणाऱ्या धर्मगुरूच्या पहिल्या कथेत (१९१०) तोतया धर्मगुरू तर्कबुद्धीला कमी लेखतो आणि ब्राऊनला त्याचं सोंग कळतं, कारण ते धर्मशास्त्रातच बसत नाही. असे धागे शोधा. ‘गुड फ्रायडेला सकाळी मी मिस्सेला होतो’ म्हणणारा साक्षीदार खोटं बोलतोय, कारण त्या दिवशी मिस्सा (भाकर-द्राक्षारस अर्पणाचा विधी) होतच नाही.

प्रश्न : घटस्फोटित नायिकेचं चर्चमध्ये लग्न लावायचं आहे. बिशपांची परवानगी पुरेल?

उत्तर : नाही. पहिला नवरा हयात असेल तर आधी ‘पहिलं लग्न मुळातच अवैध होतं’ असा चर्चच्या न्यायाधिकरणाचा निर्णय मिळवावा लागतो. डिसेंबर २०१५ पासून एकच निकाल पुरतो. त्याआधी दोन सारखे निकाल मिळवावे लागत, म्हणून कथेचा काळ तपासा. या खटल्यात लग्न वैधच आहे अशी बाजू मांडणारा एक अधिकारी असतो, विवाहबंधनाचा रक्षक. प्रेमकथेला इतका सभ्य खलनायक आयता मिळतो, तरी बहुतेक जण त्याला विसरतात! एक खाचखळगा : कॅथलिक नायिकेचं पहिलं लग्न चर्चची सूट न घेता फक्त रजिस्टर पद्धतीने झालेलं असेल, तर प्रकरण कागदपत्रांवरच मिटतं आणि तुमचा अर्धा संघर्ष हवेत विरतो.

प्रश्न : रहस्य आणि प्रेम एकाच गाठीत बांधता येईल?

उत्तर : कॅनन १०९० वाचा. ठरावीक व्यक्तीशी लग्न करण्यासाठी स्वतःच्या किंवा तिच्या जोडीदाराचा जीव घेतला, तर ते नवं लग्न अवैध. सूट साधारणपणे रोमच देऊ शकतं. आता विधुर नायकाने लग्नाच्या आठवडाभर आधी ते लग्न लावणाऱ्या फादरकडेच हे पाप सांगितलं, असं समजा. फादर त्याला लग्न मोडायला सांगू शकतात, किंवा त्याच्या संमतीने, नाव न कळवता, रोमच्या ॲपोस्टॉलिक पेनिटेन्शियरीकडे (कन्फेशनमधली गुप्त प्रकरणं पाहणारं व्हॅटिकनचं न्यायाधिकरण) अर्ज करू शकतात. त्याने ऐकलं नाही, तर केवळ त्या कबुलीवरून लग्न लावायला नकार देता येणार नाही. वधूला काहीच माहीत नाही. कादंबरी इथून सुरू करा. खून मागच्या प्रकरणांत हळूहळू उलगडता येईल.