गणित दहावीनंतर सुटलंय, ऑनलाइन स्टॅटिस्टिक्सचा बेसिक कोर्स घरी बसून जमेल का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळच्या गावात राहता, बी.ए. होऊन चार वर्षं झाली, गणित दहावीनंतर बघितलेलं नाही, आणि आता नोकरीसाठी कॉलेजचा पहिला स्टॅटिस्टिक्सचा कोर्स ऑनलाइन करायचाय तर जमेल का, कुठून करू. मी केलाय. बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे, काम करत करतच केला, आणि पहिल्या खेपेला अर्ध्यात सोडला पण होता, म्हणून सांगायला बसलो.

जमेल की. न जमायला काय झालंय. बेरीज वजाबाकी, वर्ग, वर्गमूळ, टक्केवारी आणि सरळ रेषेचं समीकरण एवढं आलं की पहिल्या कोर्सला पुरतं. पण कोर्स निवडताना तेवढं बघून घ्या, माझी पहिली खेप तिथंच फसली. स्वयम (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) आणि एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे कोर्स) "प्रोबॅबिलिटी अँड स्टॅटिस्टिक्स" अशा नावाचे बरेच कोर्स असतात, त्यातले पुष्कळ इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी असतात. मी नाव बघून घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर इंटिग्रेशन मांडलं. मी बी.कॉम.वाला, मला काय कळंना, चार दिवस रेटून बघितलं आणि सोडला. वाटलं आपल्या डोक्यात नाही हे. डोक्याचा संबंध नव्हता, कोर्सच चुकीचा घेतलेला. तर आधी आठवड्यांचा सिलॅबस उघडा, त्यात सुरुवातीला सरासरी, मीडियन, ग्राफ, मग साधी प्रोबॅबिलिटी, मग सॅम्पलिंग आणि टेस्ट असं दिसलं तर घ्या, डेन्सिटी फंक्शन आणि इंटिग्रल दिसलं तर पुढं व्हा. पहिले दोन व्हिडिओ फुकट बघून मगच नाव नोंदवा.

पैशाचं म्हणाल तर स्वयमवर नाव नोंदवायला, व्हिडिओ बघायला, असाइनमेंट द्यायला काय लागत नाही. सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच परीक्षेची फी, माझ्या वेळी एका कोर्सला १००० रुपये होती. बारा आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला एक असाइनमेंट, त्यातल्या चांगल्या ८ धरतात, त्याचे २५ मार्क आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. पास व्हायला दोन्हीकडं वेगवेगळं बघतात, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. म्हणजे असाइनमेंट सगळ्या पैकीच्या पैकी आणल्या म्हणून परीक्षेत २० घेऊन चालत नाही. ते चाळीस-पन्नास हजारांचे डेटा सायन्सचे कोर्स विकायला फोन येतात ना, त्यांच्या नादाला आत्ताच लागू नका, आमच्या आतेभावानं हप्त्यावर घेतला, पहिले दोन महिने हेच शिकवलं जे मी फुकट शिकलो, आणि हप्ते अजून चालू आहेत.

आणि एक आपल्याकडचं. जुलैचा बॅच घेऊ नका. तुमच्याकडं निपाणीला एवढं नसेल, पण मी जांबोटीकडचा, आमच्यात जुलै ऑगस्टला पाऊस लागला की दोन दोन दिवस करंट नाही आणि करंट नाही म्हणजे टॉवर पण नाही. माझ्या दुसऱ्या खेपेला दोन असाइनमेंट अशाच गेल्या, शनिवारी गावी गेलो सोमवारी सोडवू म्हणून, आणि शेवटची तारीख संपली तरी मी गावातच, मोबाईल हातात धरून पडवीत उभा. त्या ८ च्या नियमानं वाचलो. जानेवारीचा बॅच असतो, तो घ्या.

आता भाषा. व्हिडिओ बहुतेक इंग्लिशमध्ये असतात आणि आपली गंमत अशी की शाळा मराठीत, ऑफिसातले कागद कन्नडात आणि हे इंग्लिशमध्ये. पण घाबरण्यासारखं काय नाही, सगळे मिळून चाळीसेक शब्द आहेत, त्यांची एक वही करा. मी केली होती, एका बाजूला इंग्लिश शब्द आणि समोर आपल्या बोलीत दोन ओळी. चंदगडचा मामेभाऊ आहे त्याच्या महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकात मीन, मीडियन, मोडला मध्य, मध्यक, बहुलक असे शब्द आहेत, ते मला पाठ करूनही उलटसुलट व्हायचे, म्हणून मी मीडियनच्या समोर "रांगेतला मधला" असं लिहिलं, कधी विसरलो नाही. सरासरीला मात्र काय करावं लागत नाही, कन्नडात पण सरासरीच म्हणतात, संख्याशास्त्रालासुद्धा दोन्हीकडं संख्याशास्त्रच. शॉपमधले धारवाडकडचे इन्स्पेक्टर आणि मी त्या एका विषयावर भाषा न बदलता बोलू शकतो.

व्हिडिओ जेवताना बघू नका. ऑनलाइन कोर्समध्ये बहुतेक माणसं इथंच गळतात, गणितामुळं नाही. सर सोडवून दाखवतात, आपण मान डोलवतो, कळलं वाटतं, आणि असाइनमेंट उघडली की हात चालत नाही. गणित मांडलं की व्हिडिओ थांबवायचा, कागदावर स्वतः करायचं, मग पुढं बघायचं. वीस मिनिटांच्या व्हिडिओला तास जातो, जाऊ दे.

आणि आकडे आपले घ्या. पुस्तकात कुणाची तरी उंची वजनं असतात, त्यात जीव रमत नाही. मला स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते, कळलं ते शॉपमध्ये. आमच्यात २५ मिलिमीटरचा एक बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, होतो. एका मशीनवरचे पाच पीस मायक्रोमीटरनं मोजले तर २५ पासून फरक मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) असे आले, अधिक १०, उणे १०, अधिक २०, शून्य, उणे २०. शेजारच्या मशीनचे पाच, अधिक ५०, उणे ५०, अधिक ४०, शून्य, उणे ४०. दोन्हीची सरासरी बरोब्बर २५. रिपोर्टात सरासरी लिहिली तर दोन्ही मशीन सारखीच चांगली. पण ड्रॉइंगवर तीस मायक्रॉन इकडंतिकडं चालतंय असं असेल तर पहिल्याचे पाचही पास आणि दुसऱ्याचा एकच. आता पहिल्याच्या फरकांचे वर्ग करा, १००, १००, ४००, ०, ४००, बेरीज १०००, चारानं भागा २५०, वर्गमूळ १५.८. दुसऱ्याचं तसंच केलं की ४५.३ येतं. मशीन किती डुलतंय ते त्या एका आकड्यात आलं. हे मी डब्याच्या सुट्टीत इन्स्पेक्शन शीटच्या मागं केलं आणि वहीत खुणेला तेच लिहिलं, "मशीन किती डुलतंय".

पाच पीस असून चारानं का भागायचं, हा प्रश्न तुम्हाला पडणार, सगळ्यांना पडतो. पाच जण हॉटेलात गेले, नंतर कुणाला किती द्यायचं कुणाकडून किती घ्यायचं असा हिशोब बसला, तर सगळ्यांची मिळून बेरीज शून्य यायला पाहिजे, बरोबर? मग चौघांनी आपापला आकडा सांगितला की पाचव्याला सांगायची गरजच नाही, तो ठरलेलाच. सरासरीपासूनच्या फरकांचं तेच, मोकळे चारच. आणि आपण फरक मोजतो ते त्याच पाच पीसांच्या सरासरीपासून, खऱ्या सरासरीपासून नाही, त्यामुळं पाचानं भागलं तर डुलणं आहे त्यापेक्षा थोडं कमी दिसतं. कॉम्प्युटरवर एक्सेल शीटमध्ये करणार असाल तर एसटीडीईव्ही डॉट एस (STDEV.S) हे एक कमी करून भागतं आणि डॉट पी हे पूर्ण संख्येनं, माझी एक असाइनमेंट तेवढ्यासाठी चुकली.

पहिले चार पाच आठवडे असे मजेत जातात. मग सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन येतं, म्हणजे पुन्हा पुन्हा नमुने (सॅम्पल) घेतले तर त्यांच्या सरासऱ्या कशा पसरतात ते, आणि तिथं भिंत आहे, आधीच सांगून ठेवतो. माणूस म्हणतो की सॅम्पलची सरासरी एकदा काढली, आली एक संख्या, आता त्या सरासरीचं पुन्हा डिस्ट्रिब्युशन कुठून आलं? मी तीनदा व्हिडिओ बघितला. शेवटी गावी गेल्यावर पुतण्याच्या सापशिडीतला फासा घेतला, पाच वेळा टाकायचा, सरासरी काढायची, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक फुली मारायची, असं चाळीस वेळा. आई म्हणाली काय करूलालास रे, पोराचा खेळ घेऊन. फाशावर १ ते ६ सगळे सारखेच पडतात, पण पाचाची सरासरी १ किंवा ६ एकदाही आली नाही, सगळ्या फुल्या साडेतीनच्या आसपास ढीग करून बसल्या, कडेला विरळ होत गेल्या. मधे फुगलेला तो घंटेसारखा आकार पुस्तकातून बघून माझ्यासाठी नुसतं चित्र होतं, त्या दिवशी माझ्या हातानं तयार झाला. खरंच करा हे, तास लागतो, सहावा सातवा आठवडा निम्मा सोपा होतो. त्यानंतर वर्गमूळाचा तो नियम पण पटतो, अंदाजातली चूक निम्मी करायची असेल तर सॅम्पल दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतं.

पण सॅम्पल मोठं म्हणजे चांगलं असंही नाही हां. वडील भात घालायला मार्केटला जायचे तेव्हा मी बरोबर असायचो, व्यापारी पोकळ टोकदार सळई पोत्यात खुपसून मूठभर भात काढून हातावर चोळून बघायचा, आणि एकाच ठिकाणी नाही, वर, मधे, तळाला, शिवाय मागच्या पोत्यातून. कारण तोंडाशी चांगला माल आणि खाली पोचट भरणारे पण असतात, वरूनच दहा मुठी काढल्या तर दहाही मुठी खोटं सांगणार. कोर्समध्ये बायस, म्हणजे नमुनाच एका बाजूला झुकलेला असणं, शिकवतील तेव्हा ती सळई आठवा.

शेवटची अवघड गोष्ट पी-व्हॅल्यू. हिच्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो, माझा पण होता. समजा कुणी म्हणतो माझ्या नाण्यात काय खोट नाही, आणि १० वेळा उडवल्यावर ९ वेळा छापा आला. नाणं सरळ आहे असं धरून चाला आणि विचारा, नुसत्या नशिबानं ९ किंवा त्याहून जास्त छापे यायची शक्यता किती? १०२४ पैकी ११, म्हणजे साधारण ०.०११. काट्याकडून तेवढंच उलटं पण धरलं तर २२, म्हणजे ०.०२१. एवढंच सांगते पी-व्हॅल्यू. नाणं खोटं असायची शक्यता ९८ टक्के आहे असं ती म्हणत नाही. परीक्षेत हे वाक्य चार पर्यायांत हमखास घालतात आणि तेच बरोबर वाटतं. आणि ते ०.०५ म्हणजे काय ब्रह्मवाक्य नाही, सोयीसाठी ठरवलेली रेघ आहे.

थोड्या नमुन्यांवरून सरासरी ताडून बघायची टी-टेस्ट आली की मला बरं वाटलं, कारण ती माझ्यासारख्यानंच काढलीय. गॉसेट म्हणून माणूस डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात होता, हातात नमुने थोडेच, आमच्या पाच पीसांसारखे, आणि थोड्या नमुन्यांवर किती भरवसा ठेवायचा हाच त्याचा प्रश्न. १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावानं छापलं, म्हणून अजून स्टुडंट्स टी म्हणतात. तसं म्हटलं तर विषय आपल्याला परका नाही, संख्याशास्त्रातले मोठे नाव हुजूरबाजार कोल्हापूरचे, आणि तसेच दुसरे सी. आर. राव जन्मले आपल्याच कर्नाटकात, हूविनहडगलीला, १९२० मध्ये.

परीक्षेचं सेंटर मला हुबळी मिळालं. पहाटेची बस धरली, वाटेत वही चाळायची म्हणून, आणि धारवाडपर्यंत झोपलो. पेपर कॉम्प्युटरवर, तीन तास. माझे असाइनमेंटचे २० आणि पेपरचे ४३, मिळून ६३. साठच्या वर गेलं की सर्टिफिकेटवर एलिट छापतात, शॉपमध्ये आठवडाभर सगळे मला एलिट म्हणून हाका मारत होते.

आठवड्याला पाच सहा तास काढता येतात का तेवढं आधी बघा, रोज थोडं जमत नसेल तर रविवार एक पूर्ण. सातव्या आठवड्यात अडकलात तर इथंच विचारा, सेकंड शिफ्ट असली तर रात्री साडेअकरानंतर बघतो.