पंप उचलण्याआधी शेत वाचायला शिकवा : धान्यपिकांच्या कीड व्यवस्थापनावर वाचकांची प्रश्नोत्तरे

या वेळचे बरेचसे प्रश्न शेतकऱ्यांना एकात्मिक कीड व्यवस्थापन, म्हणजे शेत पाहून, मोजून, मित्रकीटकांची मदत घेऊन फवारणी शेवटी करायची पद्धत, शिकवणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांकडून आले आहेत, काही थेट शेतकऱ्यांचे आहेत.

प्रश्न : मी विस्तार कार्यकर्ती म्हणून नुकतीच रुजू झाले. सभेत शेतकरी माना डोलावतात. दुसऱ्या दिवशी भाताच्या पानावर अळी दिसली की पंप पाठीवर घेतात. माझं कुठे चुकतंय?

तुम्ही सांगता ते कानाला पटतं, पण झोप उडवतं ते डोळ्यांना दिसणारं फाटकं पान. ‘पान गेलं म्हणजे दाणा गेला’ हा समज फार खोलवर रुजलेला असतो आणि त्यामागे भीती असते. भाषणाने ती जात नाही. म्हणून शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात प्रयोग करू द्या.

फुटवे फुटण्याच्या काळात तीन छोटे तुकडे काठ्या रोवून आखा. एकाला हात लावू नका. दुसऱ्यातल्या प्रत्येक चुडाची (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुपक्याची) पाव पानं कात्रीने कापा, तिसऱ्यातली निम्मी. पानं शेतकऱ्यांच्याच हातांनी कापून घ्या. पहिल्यांदा कात्री लावताना हात थरथरतात, ते मी अनेकदा पाहिलं आहे. तीन आठवड्यांनी त्याच तुकड्यांसमोर त्यांना उभं करा आणि काढणीला तिन्हींचं धान्य वेगळं वजन करा. या वयातलं भात नवी पानं काढून बरीच झीज भरून काढतं.

व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशात १९९०च्या दशकात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. कीटकशास्त्रज्ञ के. एल. हिआँग आणि संवादतज्ज्ञ मोनिना एस्कलाडा यांच्या कामातून शेतकऱ्यांना साधं आवाहन केलं गेलं : शेताच्या एका तुकड्यात पहिले ४० दिवस पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी फवारू नका आणि काय होतं ते बघा. रेडिओवरच्या छोट्या नाट्यछटांमधून ते घरोघर गेलं. फवारण्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली आणि उत्पादन घटलं नाही. ‘फवारू नका’ या हुकुमापेक्षा ‘एक तुकडा सोडून बघा’ या विनंतीत जास्त बळ आहे.

एक सावधगिरी मात्र शिकवायलाच हवी. पीक पोटरीत आल्यावर, म्हणजे खोडात लोंबी फुगू लागल्यावर, हा हिशेब बदलतो. लोंबीलगतचं शेवटचं पान दाणा भरतं, ते गेलं तर भरपाई होत नाही. खोडकिड्याचंही तसंच. सुरुवातीला मेलेल्या पोंग्याच्या (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीच्या) जागी नवा फुटवा येतो, पण लोंबी पांढरी पडली की ती गेलीच. पिकाचं वय विचारल्याशिवाय कुणालाही सल्ला देऊ नका.

प्रश्न : आर्थिक नुकसानीची पातळी कशी समजवावी? टक्के आणि आकडे लोकांच्या लक्षात राहत नाहीत.

आकड्यापासून सुरुवात करू नका, व्यवहारापासून करा. विचारा, ‘फवारणीला औषध आणि मजुरी मिळून जेवढा खर्च येतो, तेवढ्या किमतीचं धान्य ही कीड खाणार आहे का?’ खाणार नसेल तर फवारणी म्हणजे तोटा. जेवढ्या किडीला हे दोन्ही सारखे होतात, तीच ही पातळी. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ व्हर्नन स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ही कल्पना शास्त्रीय भाषेत मांडली. पण शेतकरी हा हिशेब खत, बियाणं, मजूर अशा सगळ्या बाबतींत रोज करतोच. फक्त किडीच्या बाबतीत भीती आडवी येते. धान्याचा भाव चढला की थोड्या किडीवरही उपाय परवडतो, औषध महागलं की पातळी वर सरकते, हेही तो चटकन पकडतो. म्हणून दुसऱ्या प्रदेशातला आकडा डोळे झाकून घेऊ नये. स्थानिक शिफारस हा आधार, पण तिच्यामागचा हिशेब माणसाला समजलेला असावा.

मग मोजणी. बांधालगतच्या ओळी सोडा, कारण तिथे चित्र नेहमी वेगळं असतं. डब्ल्यूच्या आकारात चाला, पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी सलग दहा झाडं बघा. सलग म्हणतो, कारण निवडायला सांगितलं की नजर खराब झाडावरच जाते. आणि किडीच्या बरोबरीने मित्रकीटकही मोजा. गव्हावर मावा दिसला की मी आधी फुगलेला, तपकिरी, कडक झालेला मावा शोधतो. त्याच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते. असे मावे ठिकठिकाणी दिसले, जोडीला ढालकिडे फिरताना सापडले, तर तीन-चार दिवस थांबून पुन्हा मोजायचं. शेतकऱ्यांना मोठ्या कागदावर झाड काढायला लावा, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, वर हवामान. निर्णय त्या कागदाभोवती बसून त्यांनीच घ्यावा, तुम्ही गप्प बसा. सगळ्यात अवघड काम तेच आहे.

प्रश्न : तपकिरी तुडतुड्यांसाठी दोनदा फवारलं, तरी ते वाढलेच. औषध भेसळीचं असेल का?

असूही शकतं, पण माझा पहिला संशय वेगळा आहे. भाताचा रस शोषणाऱ्या या तुडतुड्याची मादी अंडी पानाच्या आवरणाच्या आत घालते. बरीचशी औषधं तिथपर्यंत पोचत नाहीत. उघड्यावर फिरणारे कोळी आणि ती अंडी शोषून खाणारा हिरवा मिरीड ढेकूण मात्र फवारणीत मरतात. साधारण आठवड्याभरात अंडी फुटतात आणि पिल्लांना खाणारं शेतात कुणी उरलेलं नसतं. यालाच किडीचा पुनरुद्रेक म्हणतात.

इंडोनेशियाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १९८६ मध्ये तिथे राष्ट्रपतींच्या आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली, कीटकनाशकांवरचं अनुदानही टप्प्याटप्प्याने काढलं गेलं. नुसती बंदी पुरणार नव्हती, म्हणून १९८९ पासून शेतीशाळा सुरू झाल्या. साधारण पंचवीस शेतकरी, हंगामभर आठवड्यातून एकदा, वर्ग शेतातच. आज जगभर चालणाऱ्या शेतीशाळांचं मूळ तिथलं आहे.

तुम्ही आता काय करावं? चूड वाकवून बुंध्याशी बघा, तुडतुडे तिथेच असतात. वरवर पानांवर मारलेलं औषध त्यांच्यापर्यंत जातच नाही. नत्राचा पुढचा हप्ता थांबवा, हिरव्या लुसलुशीत पिकावर त्यांची पैदास वाढते. शक्य असेल तर पाणी काही दिवस काढून टाका. कोळी दिसत असतील तर दोन दिवसांनी पुन्हा मोजा. संख्या चढत असेल आणि पातळी ओलांडली असेल तरच शिफारशीतलं, तुडतुड्यांपुरतं काम करणारं औषध बुंध्यावर पडेल असं फवारा. आधीच्याच गटातलं, म्हणजे किडीला त्याच पद्धतीने मारणारं, औषध तिसऱ्यांदा नको. गटाचा क्रमांक अनेक ठिकाणी लेबलवर छापलेला असतो.

प्रश्न : कामगंध सापळ्यात भरपूर पतंग येतात. लगेच फवारावं का?

नाही. सापळ्यातल्या गोळीला मादीचा गंध असतो, त्यामुळे तिथे फक्त नर येतात आणि नर पीक खात नाही. सापळा सांगतो एवढंच, की आता पानांवर अंडी शोधायला लागा. गोळी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. जुन्या गोळीचा रिकामा सापळा खोटा दिलासा देतो.

प्रश्न : मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी आहे. औषध मारूनही मरत नाही.

आधी ओळख पक्की करा. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात मांडल्यासारखे चार ठिपके असतील तर ती अमेरिकन लष्करी अळीच. तुम्ही उशिरा पोचलात, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. मोठी अळी पोंग्यात खोल बसते, वर तिच्याच विष्ठेचं बूच असतं. औषध तिच्यापर्यंत जात नाही आणि तिचं बरंच खाऊनही झालेलं असतं. बारीक अळ्या पान खरवडतात, पानावर पारदर्शक खिडक्या दिसतात. तेव्हाच पकडायला शिका. अंड्यांचे पुंजके हाताने चिरडा. पोंगा उलगडून आत जिवंत अळी आहे का ते बघा, कारण फाटकं पान अळी निघून गेल्यावरही फाटकंच राहतं. फवारायचंच असेल तर संध्याकाळी, नोझल पोंग्यात रोखून. अंगावर संरक्षक कपडे आणि हातमोजे हवेतच.

प्रश्न : ट्रायकोकार्ड लावूनही खोडकिडा आला.

ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा नावाच्या चिमुकल्या गांधीलमाशीची पिल्लं वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागद. ही गांधीलमाशी किडीच्या अंड्यावर जगते. अळी खोडात शिरल्यावर तिचा उपयोग नाही. सापळ्यात पहिले पतंग दिसताच कार्ड लावा आणि दर आठवड्याला पुन्हा लावा. कार्ड पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत आणि मुंग्यांपासून दूर असावं. आधी-नंतर आठवडाभर फवारणी नको. उन्हात गाडीत पडून राहिलेलं कार्ड लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : शेतीशाळेला शेताचा मालक येतो, रोज शेतात राबणारं कुणी येत नाही. चालेल?

चालणार नाही. निंदणी करणारे हात प्रत्येक झाडाजवळून जातात, कीड पहिल्यांदा त्यांनाच दिसते. त्यांना सवडीची वेळ विचारा आणि वर्गाची वेळ तीच ठेवा, मग ती पहाटेची असो. निंदताना दिसलेला अंड्यांचा पुंजका पानासकट डबीत घालून आणायला सांगा आणि डबीला बारीक भोकं पाडा. अंडी काळी पडली, तर आत परोपजीवी असण्याची शक्यता मोठी. चार दिवसांनी त्याच डबीतून अळ्या निघाल्या की गांधीलमाश्या, हे त्यांनीच सगळ्यांसमोर उघडून दाखवावं.